शून्य आधी खोडा

निपाणीकडच्या एका हायस्कूलमध्ये चार वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या सरांचा प्रश्न थोडक्यात असा. नववीला ‘अ रेनी डे’ हा निबंध घरून लिहून आणायला सांगितला. निम्म्या वह्यांत ‘लश ग्रीन फील्ड्स’ आणि ‘सिम्फनी ऑफ रेनड्रॉप्स’. सरांना संशय आला. त्यांनी काही निबंध टाईप करून एआय ओळखणाऱ्या एका मोफत संकेतस्थळावर टाकले. सिम्फनीवाले काही सुटले, आणि साधं, स्वच्छ लिहिणाऱ्या एका मुलीच्या निबंधावर ‘92 टक्के यंत्रानं लिहिलेला’ असा शेरा आला. सरांनी शून्य दिलं. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत हजर. म्हणाले, घरात फोन एकच, तो माझ्याबरोबर कामावर जातो, रात्री साडेआठला परत येतो. आता खरं कसं ओळखायचं आणि ही साधनं वर्गात बंद करायची की शिकवायची, असं सर विचारतात.

सर, शून्य आधी खोडा. उद्याच, पहिल्या पिरियडच्या आत. बाकीचं नंतर बोलू.

हे संकेतस्थळ काय बघतं ते समजलं की तुम्हीच खोडाल. ‘सकाळी उठून मी दात’ एवढं वाक्य दिलं, तर पुढचा शब्द ‘घासले’ हे कुणीही सांगेल. असे ओळखता येण्याजोगे शब्द एकापाठोपाठ एक आले की शोधक, म्हणजे असं एआय ओळखणारं साधन, म्हणतो, हे यंत्राचं. कारण यंत्रही पुढचा संभाव्य शब्द निवडत निवडतच लिहितं. आता आपल्या मुलीकडं बघा. तिच्याजवळ इंग्रजीचे शब्द मोजके. गाईडमधून आणि फळ्यावरून शिकलेली वाक्यं ठरावीक साच्याची. ‘इट वॉज रेनिंग हेविली. आय टुक माय अंब्रेला.’ पुढचा शब्द कुणालाही ओळखता येईल असंच ती लिहिणार, कारण दुसरं तिला अजून येत नाही. थोडक्यात, जितकी साधी, जितकी निर्दोष, तितकी ती शोधकाच्या लेखी दोषी.

हा नुसता माझा तर्क नाही. 2023 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 7 शोधक तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांना दिले. सगळे माणसांनी लिहिलेले. शोधकांनी सरासरी 61 टक्के निबंध यंत्राच्या नावावर टाकले. 91 पैकी 89 निबंधांवर किमान एका तरी शोधकानं बोट ठेवलं. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. पुढची गंमत तर डोक्याला हात लावायची. तेच 91 निबंध त्यांनी चॅटजीपीटीला देऊन ‘शब्दसंपत्ती जरा वाढव’ असं सांगितलं, आणि चुकीचे शेरे 61 टक्क्यांवरून 12 टक्क्यांच्या आत आले. म्हणजे पोरीनं स्वतः लिहिलं तर चोर, आणि यंत्राकडून घासूनपुसून आणलं तर साव. तुमच्या वर्गातले सिम्फनीवाले का सुटले ते आता कळलं असेल.

चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीनं स्वतःही असा एक शोधक जानेवारी 2023 मध्ये दिला होता. यंत्राच्या मजकुरापैकी 26 टक्केच तो पकडत होता, आणि माणसांच्या लिखाणापैकी 9 टक्के उगाच पकडत होता. जुलैत त्यांनी तो बंद केला, अचूकता कमी म्हणून. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांना जे जमलं नाही, ते जाहिराती लावून चालणारं मोफत संकेतस्थळ करून दाखवेल यावर आपण मुलांचे मार्क लावू नयेत.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्यातली आपल्यात बोलायची. खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी 26 वर्षं इंग्रजी शिकवते आहे. पहिली 15 वर्षं मी निबंध कसा शिकवला? फळ्यावर लिहिला, मुलांनी उतरवला, पाठ केला, परीक्षेत ओतला. ‘माय मदर’ या निबंधात 50 मुलांच्या 50 आया पहाटे पाचला उठायच्या आणि सगळ्यांचं नाव ‘काइंड-हार्टेड’. कुणाची आई वीटभट्टीवर, कुणाची काजूच्या कारखान्यात, कुणाची वारलेली. वारलेल्या आईचा मुलगासुद्धा तेच उतरवत होता, आणि मी त्याला दहापैकी आठ दिले होते. तेव्हा कुणी मला विचारलं नाही, की बाई हा निबंध कुणी लिहिला. यंत्र तेव्हा मीच होते. म्हणून मुलांनी फोनमधून निबंध उतरवला की मला धक्का बसत नाही. निबंध म्हणजे दुसऱ्याचं सुंदर अक्षरात उतरवणं, हे त्यांना आम्हीच शिकवलं. फक्त फळा बदलला.

हे मान्य केलं की प्रश्न वेगळा दिसायला लागतो. कुणी लिहिलं हे हुडकत बसण्यापेक्षा, मुलाच्या डोक्यातलं मराठी वाक्य इंग्रजीत येताना जी ओढाताण होते, ती त्यानं केली की नाही, एवढंच बघायचं. तीच शिकण्याची जागा. आणि ती ओढाताण कागदावर दिसते. आपल्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, तुम्हाला सांगायला नको. ‘येतो म्हणाला खरं आला नाही.’ माझ्या एका विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, ‘ही सेड आय विल कम ट्रू ही डिड नॉट कम.’ पुण्याच्या परीक्षकाला यातलं काही कळणार नाही. यंत्राला तर नाहीच; आम्ही ते वाक्य दिलं तेव्हा त्यानं ‘त्यानं येण्याचं खरं वचन दिलं होतं’ अशा अर्थाचं गुळगुळीत काहीतरी करून दिलं. पण मला त्या एका चुकीत दिसलं, की हा पोरगा आपल्या भाषेत विचार करून स्वतः इंग्रजीत उतरतो आहे. त्याला ‘बट’ सांगायला अर्धं मिनिट लागलं. वर्गाला हसू आलं, त्यालाही आलं, आणि ती चूक त्या वर्गात परत कुणी केली नाही.

पावसाच्या निबंधाचंच सांगते, कारण त्यातूनच मी माझी पद्धत बदलली. दोन वर्षांपूर्वी मला वाटलं, मुलांना आधी यंत्राकडून कल्पना घेऊ द्याव्यात, मग लिहू द्यावं. स्मार्ट क्लासच्या पडद्यावर विचारलं, मुद्दे आले, मुलांनी लिहिलं. 41 वह्या, आणि प्रत्येक वहीत थंडगार वारा, मातीचा सुगंध, कागदाच्या होड्या आणि गरमागरम भजी. आमचं गाव जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचं. मलप्रभेचा उगम तिथला. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, ओढ्यावरून पाणी गेलं की शाळेला सुट्टी, वह्या चुलीवर वाळवायच्या, रोप लावणीला आख्खं घर चिखलात. यातलं एक अक्षर कुठं नाही! पोरांनी पाऊस अंगावर घेतलेला आणि लिहिला कुणा शहरातल्या गॅलरीतला.

मग मी क्रम उलटा केला. तोच विषय, दुसरी तुकडी. पहिली दहा मिनिटं नुसतं मराठीत बोलायचं. काल पाऊस आला तेव्हा तू कुठं होतास, काय भिजलं, कोण ओरडलं. बोलता बोलता आलेले शब्द फळ्यावर, मराठी असतील तर मराठीच. मग वहीच्या डाव्या पानावर पेननं आठ-दहा वाक्यं, खाडाखोड चालेल, व्हाइटनर चालणार नाही. एका मुलीनं लिहिलं, ‘माय ग्रँडमदर वेअर इर्लं अँड गो टू फील्ड. इन इर्लं रेन इज नॉट कम.’ चुका मोजा, चार-पाच निघतील. पण आजी दिसते.

हेच वाक्य तिच्या परवानगीनं, नाव न घालता, पडद्यावर यंत्राला दिलं. त्यानं इरल्याचा ‘रेनकोट’ केला. वर्गात गलका. ‘बाई, रेनकोट न्हवं की!’ मग पंधरा मिनिटं आम्ही इरलं म्हणजे काय ते इंग्रजीत सांगत बसलो. बांबूच्या कामट्या, वर पानं, डोक्यावरून पाठीवर, वाकून लावणी करताना दोन्ही हात मोकळे राहतात. ‘मेड ऑफ’, ‘कव्हर्स’, ‘सो दॅट’. इतकं व्याकरण मी एका तासात कधी शिकवलं नव्हतं. शेवटी मुलीनं ‘इर्लं’ तसंच ठेवलं आणि पुढं एका वाक्यात त्याचा अर्थ दिला. यंत्रानं ‘वेअर’चं ‘वोअर’ केलं ते तिनं घेतलं, रेनकोट परत केला. काय घेतलं, काय परत केलं आणि का, हे ती उजव्या पानावर लिहिते. मराठीत लिहिलं तरी चालतं.

तेव्हापासून माझ्या वर्गात डावं पान आणि उजवं पान अशीच भाषा आहे. डावं पान वर्गातच, माझ्या डोळ्यांसमोर, फोनशिवाय. उजवं पान यंत्र किंवा शेजारचा मित्र किंवा मी, कुणाच्याही मदतीनं, पण कारणासकट. दहा मार्कांत चार डाव्याला, चार उजव्याला, दोनच फेअर कॉपीला. घरून फेअर कॉपी कुणाकडूनही लिहून आणा, दोन मार्कांसाठी कोण एवढा खटाटोप करतो?

यंत्राला काय सांगायचं हे मात्र शिकवावं लागतं. ‘करेक्ट धिस’ म्हटलं की ते सगळा निबंध नवा करून देतं आणि मूल आपलं वाक्य ओळखतसुद्धा नाही. आमचा ठरलेला मजकूर असा : निबंध परत लिहू नकोस, अर्थाला अडथळा आणणाऱ्या फक्त तीन चुका दाखव, प्रत्येकीचं कारण सोप्या मराठीत दे, वस्तूंची, माणसांची, गावांची नावं बदलू नकोस. तीनच का, तर 14 चुका लाल झालेली वही मूल मिटून ठेवतं. तीन असतील तर बघतं. हे मला यंत्रानं नाही, लाल पेननं शिकवलं.

सगळ्यात उपयोग कुठं होतो म्हणाल, तर ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’. आपल्या मराठीत हा प्रकारच नाही, कन्नडमध्येही नाही. वर्गात मी चाळीस जणांना चाळीस वेळा सांगू शकत नाही. यंत्र कंटाळत नाही, मराठीत सांगतं, आणि मूल तेच पाचव्यांदा विचारायला लाजत नाही. ज्या घरात इंग्रजी सांगणारं कुणी नाही त्या घरात हे फार मोठं आहे. ट्यूशनला बेळगावला जायला ज्याच्याकडं बसभाड्याचे पैसे नाहीत, त्याला हे नाकारायचा अधिकार मला नाही.

पण आधार आणि कुबडी यातला फरक कळलाच पाहिजे. तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये सुमारे हजार मुलांवर एक प्रयोग झाला. विषय गणिताचा होता, तरी आपल्याला लागू पडतो. एका गटाला सरावाच्या वेळी साधं चॅटजीपीटीसारखं साधन दिलं. सरावात त्यांचे मार्क 48 टक्क्यांनी वाढले. मग साधन काढून परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना ते कधीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षाही ती मुलं 17 टक्क्यांनी मागं पडली. तिसऱ्या एका गटाच्या साधनाला उत्तर न देता फक्त इशारे द्यायला सांगितलं होतं. त्या गटाचं हे नुकसान जवळजवळ झालंच नाही. आमचं ‘परत लिहू नकोस’ तिथूनच आलंय. आपली एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावीची परीक्षा, तर पेन आणि कागदाचीच. 80 मार्कांचा पेपर, त्यात पत्र, गोष्ट, चित्रवर्णन, व्यक्तिपरिचय, आणि फोन दाराबाहेर. नववीत कुबडी घेतलेला दहावीच्या मार्चमध्ये बेंचवर बसून कपाळ चोळतो.

व्यक्तिपरिचयावरून आठवलं. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाचा परिचय यंत्राकडून लिहून घेऊन मी मुद्दाम वर्गाला दिला आणि म्हटलं, यात चूक असेल तर शोधा. इंग्रजी झकास होतं. रायण्णाला फाशी बैलहोंगलला दिली असं त्यात लिहिलं होतं. मागच्या बाकावरचा एक, जो कधी तोंड उघडत नाही, उभा राहिला : ‘बाई, नंदगडला! आमच्या मामाचं गाव हाय ते.’ 1831 साली रायण्णाला नंदगडला फाशी झाली, समाधी तिथंच आहे, आमच्याच तालुक्यात. त्या पोराला त्या दिवशी जे कळलं ते मला व्याख्यान देऊन सांगता आलं नसतं. इंग्रजी चांगलं आहे म्हणजे गोष्ट खरी आहे, असं नसतं. तुम्ही निपाणीचे, तुमच्याकडं तंबाखूच्या वखारी आहेत, बाजार आहे. त्यावर यंत्राला लिहायला लावा आणि ज्यांचे आईवडील वखारीत जातात त्यांना तपासायला द्या. चुका निघतीलच, आणि त्या इंग्रजीत दुरुस्त करायला पोरं भांडतील.

बंदीचं विचारलंत. शाळेत फोन बंद असावा, याबद्दल माझं दुमत नाही. पण घरची बंदी कोण बघणार? 2024 पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्येच मेटा एआयचं ते निळं वर्तुळ येऊन बसलंय. वेगळं काही उतरवून घ्यायला लागत नाही. वडील जेवायला बसले की फोन मुलाच्या हातात, प्रश्नाचा फोटो काढला, उत्तर आलं. ते बंद आहे असं आपण समजून चालणं म्हणजे मांजरानं डोळे मिटून दूध पिणं, फक्त मांजर आपण.

वय आणि माहिती यांकडं मात्र लक्ष ठेवा. चॅटजीपीटीच्या अटींप्रमाणे 13 वर्षांखाली वापर नाही आणि 18 पर्यंत पालकांची संमती हवी. आपल्या देशाच्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालचं ते मूलच, आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. म्हणून आठवी-नववीच्या मुलांना मी स्वतःचं खातं उघडायला लावत नाही. साधन माझ्या टेबलावर, पडद्यावर, सगळ्यांसमोर. वहीचा फोटो काढताना नाव, हजेरी क्रमांक, शाळेचा शिक्का झाकायचा. तुम्ही निबंध त्या संकेतस्थळावर टाकलेत तेव्हा नावं काढली होतीत ना?

यंत्राकडून मार्क देऊन घेण्याच्या मोहात पडू नका. मी पडले होते. 45 वह्या, एफएची म्हणजे आकारिक मूल्यमापनाची तारीख डोक्यावर, बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला तक्ता पाठवायचा. एकच निबंध दोनदा दिला, एकदा सात आले, एकदा पाच. बाकीच्या वह्या मग मीच तपासल्या, रात्री एकपर्यंत.

आता ओळखायचं कसं, हा तुमचा पहिला प्रश्न. मशीन नको. मुलाला बाजूला बोलवा, चारचौघांत नाही, आणि मराठीत तीन गोष्टी विचारा. हा शब्द इथं का घातलास? हे वाक्य दुसऱ्या शब्दांत सांग. आणि लिहायचं राहून गेलं असं काय होतं? ज्यानं स्वतः लिहिलंय तो तिसऱ्या प्रश्नाला बोलायला लागतो, थांबत नाही. ज्यानं उतरवलंय तो पहिल्याच प्रश्नाला जमिनीकडं बघतो. जमिनीकडं बघणारा प्रत्येक जण चोर असतो असंही नाही, काही मुलं सरांनाच घाबरतात. म्हणून या चौकशीवरूनसुद्धा शून्य देऊ नका. ‘उद्या माझ्यासमोर आठ ओळी लिही’ एवढं पुरे. सिम्फनीवाल्यांनाही तेच सांगा, न ओरडता.

राहिले वडील. त्यांना हेडमास्तरांच्या खोलीत बोलवू नका, वर्गात बोलवा, मधल्या सुट्टीत. मुलीची वही त्यांच्या हातात द्या, शून्यावर काट मारलेली, शेजारी नवे मार्क, खाली तुमची सही. इंग्रजी त्यांना वाचता येत नसेल तर मुलीला म्हणा, तूच वाच आणि मराठीत सांग काय लिहिलंयस. तुम्ही तेवढा वेळ खुर्चीवर बसू नका.